नगरला बिशप कधी आला?

"नगरच्या चर्चचा बिशप कोण होता?" हा प्रश्न घेऊन जुनी दप्तरं उघडली, तर आधी स्वतःलाच विचारायचं: कोणतं चर्च आणि कोणत्या साली?

अहमदनगरला (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. 'ज्ञानोदय' 1842 मध्ये त्यांनीच इथून सुरू केलं. पण हे काँग्रिगेशनल पंथाचे लोक. त्यांच्यात बिशप हे पदच नाही. निर्णय मंडळीच्या सभेत व्हायचे.

अँग्लिकन एस.पी.जी. मिशनचं काम इथं 1870 च्या दशकात सुरू झालं. त्यांचा बिशप मुंबईला. ते पद 1837 मध्ये ब्रिटिश राजसत्तेनं निर्माण केलं. पहिले बिशप थॉमस कार. 1929 मध्ये मुंबईतून नाशिक धर्मप्रांत वेगळा काढला, फिलिप लॉइड त्याचे पहिले बिशप झाले आणि नगर नाशिककडे गेलं. पुढच्याच वर्षी भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या कायदेशीर बंधनातून मोकळं झालं.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि दोन्ही परंपरा एकत्र आल्या. म्हणजे बघा, सुमारे 140 वर्षं बिशपाविना चाललेल्या मंडळ्यांवर आता बिशप आला. अधिकार कुणाचा, हा प्रश्नच बदलला.

म्हणून कागद वाचताना 1929, 1930 आणि 1970 ही वर्षं समोर ठेवा. शोधही दोन ठिकाणी घ्यावा लागतो: एस.पी.जी.चे कागद ऑक्सफर्डला, अमेरिकन मिशनचे हार्वर्डला. एकच संग्रह पाहिलात, तर अर्धंच नगर दिसेल.