आठ्यांचा हिशेब युनिटमध्ये

‘आठ्यांचे किती घेता?’ असं विचारलं की दवाखान्याच्या काउंटरवरून एकच आकडा मिळतो. एका ठिकाणी पाच हजार, दुसरीकडे नऊ हजार. ऐकणारी व्यक्ती साहजिकच पाच हजारांकडे वळते. पण बोटॉक्स किंवा त्या जातीच्या इतर इंजेक्शनांच्या बाबतीत हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायला हवं ते असं: औषध कोणत्या कंपनीचं, किती युनिट देणार आणि एका युनिटचा दर काय? ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय पाच हजार स्वस्त की नऊ हजार, हे कुणालाच सांगता येणार नाही.

हे औषध युनिटमध्ये मोजतात. बोटॉक्सच्या माहितीपत्रकानुसार दोन भुवयांच्या मधल्या उभ्या आठ्यांसाठी २० युनिट लागतात. पाच ठिकाणी टोचून प्रत्येक जागी ४. डोळ्यांच्या कडेला हसताना पडणाऱ्या सुरकुत्यांसाठी दोन्ही बाजू मिळून २४ आणि कपाळावरच्या आडव्या रेषांसाठी आणखी २०. तिन्ही मिळून ६४. स्नायूंची ताकद पाहून डॉक्टर हे प्रमाण कमी-जास्त करतात, पण अंदाज बांधायला हे आकडे पुरेसे आहेत. महाराष्ट्रातल्या शहरांत एका युनिटचा दर साधारण २५० ते ५०० रुपयांच्या घरात असतो.

आता परभणी जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. समजा, सेलूच्या एका शिक्षिकेला फक्त भुवयांमधल्या आठ्या कमी करायच्या आहेत आणि दर आहे युनिटला ३०० रुपये. २० युनिटचे ६,००० झाले. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे एका बैठकीला क्विंटलभर सोयाबीनपेक्षा जास्त पैसे गेले. त्यात औषधाचा परिणाम टिकतो तीन ते चार महिने. चेहरा वर्षभर तसाच ठेवायचा तर तीन बैठका, १८,००० रुपये. तिन्ही जागा करायच्या ठरवल्या तर एका बैठकीचे १९,२०० आणि वर्षाचे ५७,६००, म्हणजे हमीभावाने जवळपास अकरा क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू मराठवाड्यात हा आकडा किती मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको.

एवढ्यावरही खर्च संपत नाही. आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट आहे, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांना ती नाही, आणि अनेक क्लिनिक या इंजेक्शनांवरही १८ टक्के कर लावतात. ५७,६०० चे मग ६७,९६८ होतात. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या दवाखान्याला जीएसटी नोंदणीचं बंधन नसतं, म्हणून एकाच उपचाराची दोन बिलं वेगळी दिसू शकतात. ‘दर करासहित की करावेगळा?’ हे आधीच विचारून घ्यावं. सेलूहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगर गाठायचं तर भाडं, जेवण आणि बुडालेला दिवस हेही धरावं लागतं. त्यात दोन आठवड्यांनी परिणाम पाहायला डॉक्टर पुन्हा बोलावतात. तीन बैठका म्हणजे सहा फेऱ्या. त्या फेरतपासणीची फी आणि गरज पडल्यास वाढीव युनिटचे पैसे मूळ दरात आहेत का, हे फार थोडे लोक विचारतात.

दर चार महिन्यांनी पैसे का मोजावे लागतात, याचं कारण औषधाच्या कामातच आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं इथले लोक अभिमानाने म्हणतात. या औषधाची गोष्टही जर्मनीतच सुरू होते. १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेच्या नोंदी बारकाईने लिहून ठेवल्या आणि हे विष कधीतरी औषध म्हणून वापरता येईल असंही सुचवलं. हे विष ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाचा जिवाणू तयार करतो. अतिशय अल्प मात्रेत ते स्नायूत टोचलं, तर मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा आकुंचनाचा निरोप थांबतो. स्नायू सैल पडतो आणि वरच्या कातडीची घडी उलगडते. काही महिन्यांत मज्जातंतू पुन्हा काम सुरू करतो आणि आठी परत येते. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकड्यांसाठी. कॅनडातले डॉक्टर दांपत्य जीन आणि अ‍ॅलिस्टर कारूथर्स यांनी डोळ्यांच्या रुग्णांच्या आठ्या गेलेल्या पाहिल्या, त्यावर अभ्यास केला आणि २००२ मध्ये सौंदर्यासाठीची मान्यता आली.

पैशाचा खरा घोळ होतो तो बाटलीत. नवी बाटली हातात घेतली तर ती रिकामीच वाटते. तळाला पावडरीचा एक पातळ थर तेवढा असतो. डॉक्टर त्यात सलाईन सोडतात. बाटलीत पोकळी असल्यामुळे सलाईन आपसूक आत ओढलं जातं. नाही ओढलं गेलं, तर ती बाटली वापरू नये असं कंपनीच सांगते. १०० युनिटच्या बाटलीत २.५ मिली सलाईन घातलं की सिरिंजच्या प्रत्येक ०.१ मिलीत ४ युनिट येतात. त्याच बाटलीत ५ मिली घातलं तर तेवढ्याच थेंबात येतात २. सिरिंज तितकीच भरलेली दिसते, टोचणंही तितकंच, औषध मात्र निम्मं. असं इंजेक्शन महिना-दीड महिन्यात उतरलं तर ‘माझ्या अंगाला लागत नाही’ म्हणून रुग्ण स्वतःलाच दोष देतो. म्हणून दर जागेवर नव्हे, युनिटवर ठरवावा, आणि किती युनिट दिले ते पावतीवर लिहून घ्यावं.

बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. एप्रिल-मे मध्ये परभणीचा पारा चाळिशी पार करून जातो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा दवाखान्यातल्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, हा प्रश्न अगदी रास्त ठरतो. एकदा सलाईन घातलं की औषध २४ तासांत वापरायचं असतं. १०० युनिटची बाटली फोडली आणि रुग्णाला लागले २०, तर उरलेल्या ८० चं काय? माहितीपत्रक एक बाटली एकाच रुग्णासाठी म्हणतं. प्रत्यक्षात अनेक दवाखाने चार-पाच जणांना एकाच दिवशी बोलावून बाटली वाटून घेतात. खर्च कमी होतो तो यामुळेच. अशा वेळी ५० युनिटची बाटली मिळेल का, हे विचारावं. निदान बाटली आपल्यासमोर फोडावी, तिचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत वाचू द्यावी, एवढा आग्रह धरायला अजिबात संकोच करू नये.

कंपन्यांची युनिट एकमेकांशी जुळत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. भुवयांमधल्या ज्या आठ्यांसाठी बोटॉक्सची २० युनिट लागतात, तिथे डिस्पोर्टची ५०. डिस्पोर्टचं युनिट १२० रुपयांना मिळालं म्हणून ते ३०० च्या बोटॉक्सपेक्षा स्वस्त झालं नाही. दोन्हीकडे बिल ६,०००च.

बाजारभावापेक्षा फारच कमी दर सांगणाऱ्याकडे पाठ फिरवलेली बरी. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बनावट किंवा चुकीच्या पद्धतीने दिलेल्या बोटॉक्समुळे ११ राज्यांतल्या २२ जणांना त्रास झाल्याची नोंद झाली. त्यांतल्या निम्म्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. तिथे घरात आणि स्पामध्ये इंजेक्शनं दिली गेली होती. आपल्याकडे पार्लरवाल्या ताईंवर कितीही विश्वास असला, तरी हे काम त्यांचं नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जावं आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे हा क्रमांक दवाखान्यात आणि पावतीवर असायला हवा, आणि फीचा फलकही लावलेला हवा. दर विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे.

आरोग्य विम्यातून हा पैसा परत मिळत नाही. सौंदर्योपचार विम्याच्या नेहमीच्या अपवादांत मोडतात. पण लकव्यानंतर ताठरलेला हात, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे आखडलेले पाय, मिटून राहणाऱ्या पापण्या, यांसाठी हेच औषध दिलं जातं. तो आजारावरचा उपचार आहे. अशा कुटुंबांनी ‘बोटॉक्स म्हणजे नट्यांचं औषध’ असं समजून माघार घेऊ नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन चौकशी करावी आणि विमा असेल तर लेखी विचारणा करावी.

ज्यांना ते हौसेनेच करायचं आहे, त्यांनी पहिल्या वेळी एकच जागा करावी. लग्नाच्या आठवड्यात तर पहिली वेळ कधीच नको: परिणाम पूर्ण दिसायला दोन आठवडे जातात आणि क्वचित पापणी खाली उतरली तर ती सावरायला कित्येक आठवडे लागतात. महिनाभर आधीची तारीख घ्यावी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि स्नायूंचे आजार असलेल्यांनी हे टाळावं. एका जागेचे वर्षाचे १८,००० म्हणजे महिन्याला १,५००. भिशीतून किंवा पोस्टाच्या आवर्ती ठेवीतून ते साचत असतील तरच पुढे जावं. हप्त्यांवर हे इंजेक्शन घेणं शहाणपणाचं नाही, कारण एका बैठकीचं कर्ज फिटायच्या आत दुसरी बैठक दारात उभी राहते. आणि चेहरा सैल सोडल्यावरही दिसणाऱ्या, वर्षानुवर्षं उन्हात राबून पडलेल्या खोल रेषा याने पूर्ण जात नाहीत. तिथे रुमाल, छत्री आणि सनस्क्रीन यांवरचा खर्च आधी करावा.

फसवणूक झालीच, तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, आणि ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे पहिली मागणी होते ती पावतीची, आणि त्या पावतीवर औषधाचं नाव, बॅच आणि युनिट लिहिलेलं असेल तर अर्धं काम तिथेच होतं.