कॉन्टॅक्ट लेन्स नीट बसली नाही, डोळ्याला इजा झाली: भरपाई कशी मागायची?

आजचा विषय एका छोट्या वस्तूचा आहे, पण प्रश्न डोळ्याचा आहे. आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडीला दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी मुलं आहेत, पिरंगुटच्या कारखान्यांत जाणारी आहेत, लग्न ठरल्यावर चष्मा नको म्हणणारीही आहेत. लेन्स नीट बसली नाही आणि डोळ्याला इजा झाली, तर भरपाई मागता येते का? येते. पण डोळा किती दुखला एवढ्यावर ती मिळत नाही. लेन्स देणाऱ्याने काय करायला हवं होतं आणि काय केलं नाही, हे दाखवावं लागतं.

आधी लेन्स ‘बसणं’ म्हणजे काय ते पाहू. लेन्स कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बसते. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो. लेन्स घट्ट झाली तर तो कमी पडतो, अश्रूंची ये-जा थांबते. सैल झाली तर ती सरकत राहते, घासते. म्हणून नुसता नंबर काढून भागत नाही. कॉर्नियाचा बाक मोजायचा, नमुन्याची लेन्स घालून काही वेळ थांबायचं, मग स्लिट लॅम्पखाली ती कशी हलते ते बघायचं, लावायला-काढायला शिकवायचं आणि पुन्हा तपासणीला बोलवायचं. नंबरही जसाच्या तसा उतरवून चालत नाही. चष्मा उणे 6 चा असेल, तर लेन्स साधारण साडेपाचच्या आसपास लागते, कारण ती डोळ्याला चिकटून असते.

आता समजा, पौडच्या एका मुलीने पुण्यातल्या दुकानातून लेन्स घेतली. दुकानदाराने चष्म्याचा कागद पाहिला आणि डबी हातात दिली. दहा दिवसांत डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. तिने पहिलं काय करायचं? तक्रार नाही, लेन्स काढायची. आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. कॉर्नियाची जखम चिघळली तर नजर कायमची अधू होऊ शकते. डोळा आधी, दावा नंतर.

पण तिथेच पुरावाही तयार होतो. तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं, काय दिसलं ते तारखेसह लिहून द्या: जखम कुठे आहे, लेन्स घट्ट होती की सैल, आत्ताची नजर किती. लेन्स फेकायची नाही, तिच्या डबीत ठेवायची. खोकं जपायचं, त्यावर बाक, व्यास, बॅच नंबर, मुदत छापलेली असते. बिल, मेसेज, औषधांच्या पावत्या, बुडालेल्या रोजाचा हिशोब, सगळं एका फाईलमध्ये. लेन्स डॉक्टरांनी दिली असेल तर त्यांच्याकडून केसपेपर मागा. मागणी केल्यापासून 72 तासांत तो द्यावा, असा नोंदणीकृत डॉक्टरांसाठी नियम आहे.

कायदा कोणता? ग्राहक संरक्षण कायदा, 2019. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं. सगळ्यांना मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय मात्र त्यात येत नाही. नव्या कायद्याची मोठी सोय अशी, की आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. लेन्स मुंबईला घेतली असली तरी पौडच्या माणसाला पुणे जिल्हा आयोग चालतो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती विसरू नका.

आधी दुकानाला किंवा दवाखान्याला लेखी नोटीस द्या: काय झालं, काय मागतो, किती दिवसांत. पुष्कळदा इथेच तडजोड होते. नाही झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर बोला, मग आयोगात जा. तिथेही दोघांची तयारी असेल तर मध्यस्थी होते. मागणीत लेन्सची किंमत, उपचारखर्च, बुडालेली कमाई आणि झालेला त्रास वेगवेगळा लिहा. आकडा फुगवला की खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

समोरून काय उत्तर येईल? ‘बाईंनी लेन्स लावूनच झोप काढली, नळाच्या पाण्याने धुतली.’ तसं खरंच झालं असेल तर दावा कमजोर होतो, म्हणून आपली चूक स्वतःशी आधी कबूल करा. पण ‘कसं वापरायचं ते आम्हाला सांगितलंच नाही’ हाही मुद्दा आहे. सूचना लेखी दिल्या होत्या का, हे विचारा. आणखी एक: परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं न्यायालय मानत नाही. साधारण कुशल माणसाने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हे बघतात. म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत मोलाचं ठरतं. प्रत्येक प्रकरणात ते सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलं आहे.

शेवटी एवढंच. लेन्स घेतानाच विचारा: ‘बाक मोजला का? घालून बघू का? परत कधी येऊ?’ या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर घ्या. बहुतेक वेळा डोळा त्यानेच वाचेल, आणि नाहीच वाचला तर तोच कागद आयोगात तुमच्या बाजूने बोलेल. आता तुमचे प्रश्न घेऊ या.