निलगिरीचे तेल : थेंबाचे औषध

पडसे झाले की आमच्या घरी निलगिरीची बाटली निघते. झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही, अशी आपली समजूत असते. परंतु ढीगभर पानांचा अर्क वाफेने काढून हे तेल करतात. म्हणून ते थेंबानेच मोजावे. चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, खोबरेल तेलात २ थेंब मिसळून मोठ्या माणसाच्या छातीला चोळावे. लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ मात्र मुळीच लावू नये. मुलाने चमचाभर तेल प्यायल्यास झटके येऊन शुद्ध हरपू शकते. अशा वेळी मुद्दाम उलटी करवू नये, तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. तडक दवाखाना गाठावा. या तेलाने पडसे बरे होत नाही, नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, इतकेच. तेवढ्या सुखासाठी बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये, असे मला वाटते.