एका मॅचचा सीझन

"संपला आमचा सीझन!" रूमवर आल्या आल्या तिनं किटबॅग कॉटखाली ढकलली.

"किती मॅच झाल्या?" मी विचारलं.

"एक."

आम्ही दोघी नवलाख उंबऱ्यात भाड्यानं राहतो. समोरच्या रस्त्यावर एमआयडीसीचे कंटेनर आणि शिफ्टच्या बस, मागच्या खिडकीतून भाताची खाचरं. माझी रूममेट इथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंग करते आणि कॉलेजच्या मुलींच्या बेसबॉल टीममध्ये खेळते. दोन महिने ती पहाटे साडेपाचचा अलार्म लावत होती. तो बंद करायची ड्युटी अर्थातच माझी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची होती. सकाळी टीम मैदानावर उतरली, हरली आणि दुपारच्या जेवणाला सगळ्या परत.

बेसबॉल खेळते म्हटलं, की तिला दोनच प्रश्न येतात. पहिला, "म्हणजे क्रिकेटच ना?" दुसरा, डोळा बारीक करून, "सर्टिफिकेटसाठी का?"

पहिल्याचं उत्तर तिनं मला आमच्या गावाच्या नावावरून दिलं होतं. बॅटर उभा राहतो ती होम प्लेट म्हणजे घराचा उंबरा. तिथून निघायचं, ९०-९० फुटांवरच्या तीन बेसना शिवायचं आणि पुन्हा उंबऱ्याशी यायचं. घरी पोचलात तर एक रन. वाटेत अडकलात तर कितीही जोरात पळाला असाल, हिशेब शून्य. टीममध्ये ९ जण, डाव ९. पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो आणि तो टप्पा न पडता येतो. क्रिकेटमध्ये चेंडू सोडून देता येतो. इथं चांगला चेंडू सोडला तरी तो स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की बाद.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री तिच्याकडे नव्हतं. मेसचा डबा तसाच ठेवून ती म्हणाली, "पुढच्या वर्षी नाही खेळणार. एका मॅचसाठी कोण उठणार पहाटे?"

मग मी तिला एका कॉलेज टीमची गोष्ट सांगितली. टीम अमेरिकेतली, साल २००८. कॅलिफोर्नियात द्राक्षं-बदामाच्या शेतीचा पट्टा आहे, तिथल्या फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाची ही टीम. टोपणनाव बुलडॉग्ज, कोच माइक बेटसोल. अमेरिकेत कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेला तेव्हा ६४ टीम यायच्या. चार-चार टीमचे १६ गट, प्रत्येक गटात १ ते ४ मानांकन. फ्रेस्नोला त्यांच्या गटात मिळालं चौथं, म्हणजे तळाचं. त्यात त्यांचा हुकमी पिचर टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीनं बाहेर बसलेला. कोण लावणार पैज यांच्यावर?

गट त्यांनी जिंकला. पुढच्या फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते आणि समोर बलाढ्य ॲरिझोना स्टेट. पहिला सामना हरले, पुढचे दोन जिंकले. मग ओमाहा शहरातली अंतिम ८ टीमची फेरी. या फेरीत दोनदा हरलं की बाहेर. तिथं ते नॉर्थ कॅरोलायनाला एकदा हरवून पुन्हा त्यांच्याशी ३-४ असे हरले आणि तिसऱ्यांदा समोरासमोर आल्यावर ६-१ नं जिंकले. फायनल जॉर्जियाशी, पुन्हा तीन सामन्यांची. पहिला ६-७ असा निसटला. दुसऱ्यात सुरुवातीलाच ०-५ नं मागे. म्हणजे संपलंच म्हणायचं की! तो सामना त्यांनी १९-१० नं जिंकला.

२५ जून २००८, शेवटचा सामना. राइट फील्डला खेळणाऱ्या स्टीव्ह डेटवायलरच्या डाव्या अंगठ्याचा लिगामेंट फाटलेला होता. ऑपरेशन त्यानं सीझन संपेपर्यंत पुढं ढकललं होतं. त्या दिवशी चार वेळा बॅटिंगला आला, चारही वेळा हिट. त्यातले दोन होमरन. फ्रेस्नोचे सहाच्या सहा रन त्याच्या बॅटवर आले. पिचर जस्टिन विल्सननं आठ डावांत फक्त एक रन दिला. शेवटचा कॅचही डेटवायलरकडेच गेला. स्कोअर ६-१. गटातल्या तळाच्या मानांकनावरून थेट राष्ट्रीय विजेता झालेली ही पहिलीच टीम. 'अंडरडॉग्ज टू वंडरडॉग्ज' असं त्यांचं नावच पडलं.

माझी रूममेट एवढं ऐकून म्हणाली, "भारी आहे. पण पिक्चरसारखं आहे गं."

मी तिला त्यांच्या अख्ख्या सीझनचा आकडा दाखवला. ४७ विजय, ३१ पराभव.

ती उठून बसली. "एकतीस वेळा हरले? आणि चॅम्पियन?"

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आपल्या देशातली आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन पोरं. बेसबॉल कधी हातात न धरलेली. एका टीव्ही स्पर्धेत त्यांनी वेगवान चेंडू टाकून दाखवले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक क्लबनं दोघांना करारबद्ध केलं. 'मिलियन डॉलर आर्म' हा २०१४ चा सिनेमा त्यांच्यावरच आहे. फ्रेस्नोच्या जस्टिन विल्सनची निवडही २००८ मध्ये याच पायरेट्सनं केली होती. विल्सन २०१२ मध्ये मेजर लीगमध्ये उतरला. आपली दोन पोरं तिथपर्यंत पोचली नाहीत. हाताची ताकद त्यांच्याकडेही होती. पण विल्सनच्या मागे कॉलेजातल्या सामन्यांचा ढीग होता आणि यांना बेसबॉलचे नियमच अमेरिकेत पोचून शिकायचे होते.

आपल्याकडे खेळाडू नाहीत असं नाही. बारामतीकडची रेश्मा पुणेकर २०२३ मध्ये भारताच्या महिला बेसबॉल संघातून हाँगकाँगला आशियाई स्पर्धा खेळली. कमी आहेत त्या मॅच. आपल्या कॉलेज स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीनं होतात. अर्ध्या टीम पहिल्याच मॅचनंतर घरी जातात. बाद पद्धत असती तर फ्रेस्नोची टीम ॲरिझोना स्टेटशी हरली त्या दिवशीच बसमध्ये बसली असती. डेटवायलरचं नाव कुणाला कळलं नसतं. त्या फेरीपासून पुढं ते तीनदा हरले, आणि तिन्ही वेळा त्यांच्यासाठी पुढची मॅच शिल्लक होती.

साधं गणित बघा. ८ टीम असतील तर बाद पद्धतीत एकूण ७ मॅच होतात. दोन पराभवांनंतर बाहेर हा नियम लावला तर १४ किंवा १५. प्रत्येक टीमला किमान दोन मॅच नक्की. खर्च आणि मैदानाची अडचण असते, मान्य. पण तळेगाव, वडगाव, आंबी, लोणावळा या पट्ट्यात कॉलेजं काय कमी आहेत? बहुतेक जण एका लोकलच्या नाहीतर बाइकच्या अंतरावर आहेत. ९ ऐवजी ५ डावांचे सामने ठेवले, तर चार शनिवारांत असं काही उभं राहू शकतं. त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. दोन कॅप्टन एकमेकींना फोन करू शकतात.

"सर्टिफिकेटसाठी का?" या प्रश्नाचा मला आता वेगळा राग येतो. वर्षातून एकच मॅच दिली, तर खेळणाऱ्याच्या हातात कागदाशिवाय राहणार तरी काय? दहा मॅच द्या, मग विचारा. आणि एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षात जाणाऱ्या आपल्याला तर हे वेगळं समजवायला नको. एका पेपरवर अख्खी डिग्री संपवत नाहीत ना?

त्या रात्री ती पुढं काही बोलली नाही. डबा मात्र संपवला. नंतर अंधारात मोबाइलचा उजेड दिसत होता. हरवलेल्या टीमच्या कॅप्टनचा नंबर ती ग्रुपवर शोधत होती. मेसेज एका ओळीचा होता, मला वाचूनही दाखवला: 'पुढच्या शनिवारी फ्रेंडली खेळणार का? मैदान आमचं, चेंडू तुमचे.'

उत्तर अजून आलेलं नाही. पण साडेपाचचा अलार्म आज पुन्हा वाजला. बंद मीच केला. ती आधीच उंबऱ्याबाहेर पडली होती.