मेन्युहिन, यहुदी

(२२ एप्रिल १९१६ – १२ मार्च १९९९). विसाव्या शतकातील जगद्‌विख्यात व्हायोलिनवादक, वाद्यवृंदसंचालक व संगीतशिक्षक. जन्म न्यूयॉर्क येथे, रशियन साम्राज्यातून स्थलांतर केलेल्या ज्यू कुटुंबात. त्याच्या वडिलांचे नाव मोशे व आईचे मारूथा. ‘यहुदी’ म्हणजे ज्यू. जागा भाड्याने देताना घरमालकिणीने ज्यूंविषयी काढलेल्या अनुदार उद्‌गारांनी संतापून आईने होणाऱ्या मुलाचे हे नाव ठरविले, असे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. कुटुंब लवकरच सान फ्रान्सिस्कोला गेले. तेथे वडील हिब्रू शिकवीत. यहुदी व त्याच्या दोन धाकट्या बहिणी, हेप्झिबा व याल्टा, यांचे शिक्षण मुख्यतः घरीच झाले. दोघी बहिणी पियानोवादक म्हणून पुढे आल्या. त्यांपैकी हेप्झिबाने यहुदीला कित्येक वर्षे साथ केली.

चौथ्या वर्षी कोणीतरी दिलेले खेळण्यातील पत्र्याचे व्हायोलिन त्याने रागाने जमिनीवर फेकून दिले. खरे वाद्य हाती आल्यावर सिगमंड अँकर व नंतर लूइस पर्सिंजर यांच्याकडे त्याचे शिक्षण सुरू झाले आणि सातव्या वर्षी सान फ्रान्सिस्कोच्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर त्याने जाहीर वादन केले. १९२७ मध्ये पॅरिस येथे लालोची सिंफनी एस्पान्योल वाजवून त्याने यूरोपीय श्रोत्यांना चकित केले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेथोव्हनच्या व्हायोलिन काँचेर्तोचे त्याचे वादन झाले. अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती ही रचना देण्यास संचालक फ्रिट्‌स बुश प्रथम राजी नव्हता. मुलाला आपले वाद्य स्वरात लावणेही नीट जमत नसल्याने ते काम त्याने वाद्यवृंदातील मुख्य व्हायोलिनवादकाकडे सोपविले. त्यानंतरचे वादन मात्र प्रौढ कलावंताचे होते. १२ एप्रिल १९२९ रोजी बर्लिनमध्ये ब्रूनो वॉल्टरच्या संचालनाखाली त्याने बाख, बेथोव्हन व ब्राम्स यांचे तीन काँचेर्तो एकाच कार्यक्रमात सादर केले. न्यूयॉर्कमधील बँकव्यवसायी हेन्री गोल्डमन याने दिलेले १७३३ चे स्ट्राडिव्हारी व्हायोलिन याच सुमारास त्याच्याकडे आले.

या अपूर्व यशात एक उणीव दडलेली होती. तो यूरोपात प्रथम गेला, तेव्हा बेल्जियमचा ज्येष्ठ वादक इझाय याने त्याचे वादन ऐकून कौतुक केले व मग चार सप्तकांतून जाणारी एक साधी स्वरमालिका वाजविण्यास सांगितले. मुलगा चाचपडू लागला. स्वरमालिकांचा नित्य सराव करण्याचा इझायचा सल्ला मोलाचा होता. परंतु मुलाने गुरू म्हणून निवडले ते रूमानियन संगीतकार जॉर्जे एनेस्कू यास. एनेस्कूने त्याला संगीताचा आशय व भावार्थ दिला. पुढे आडोल्फ बुशने बाझेल येथे जर्मन परंपरेची शिस्त लावली. वादनाची यांत्रिक बाजू मात्र त्याला कोणी पायरीपायरीने उलगडून दाखविली नाही. बोटे व गज आपोआप चालत होते आणि ते कसे चालतात, हे विचारण्याचे कारण कोणालाच वाटले नाही.

जुलै १९३२ मध्ये लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहात एल्गारच्या व्हायोलिन काँचेर्तोचे ध्वनिमुद्रण झाले. संचालक स्वतः एल्गार होता; तो ७५ वर्षांचा, तर वादक १६ वर्षांचा. ही ध्वनिमुद्रिका आजही या रचनेचा एक मानदंड समजली जाते. १९३५ च्या जागतिक दौऱ्यात त्याने १३ देशांतील ७३ शहरांत कार्यक्रम केले. त्यानंतर कॅलिफोर्नियात सु. दीड वर्ष त्याने जाहीर वादन बंद ठेवले. ही विश्रांती त्याच्या आयुष्यातील संधिकाल ठरली. बालपणीची निःशंकता ओसरू लागली होती आणि आपण जे करतो ते कसे करतो, हा प्रश्न त्याला प्रथमच पडला.

या प्रश्नाचे गांभीर्य व्हायोलिनच्या स्वरूपातच आहे. हे वाद्य डावा खांदा व हनुवटी यांच्यामध्ये धरावे लागते. डावा हात बाहेर वळवून वर उचललेला, तर उजवा हात अधांतरी राहतो. गज मुठीकडे जड व टोकाकडे हलका असल्यामुळे त्याच्या प्रत्येक इंचागणिक बोटांचा दाब बदलावा लागतो. खांद्यात किंवा मनगटात किंचित ताण आला, तरी मंद लयीतील लांब स्वरात गज थरथरतो आणि तो दोष लपविता येत नाही. पडद्यांची सोय नसल्याने सुराची अचूकताही बोटांच्या स्पर्शावरच अवलंबून असते. लहान मुलाचे शरीर हे सर्व नकळत सांभाळते. प्रौढाला ते समजून घ्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धात मेन्युहिनने दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी ५०० हून अधिक कार्यक्रम केले. सरावास व विश्रांतीस पुरेसा अवधी न मिळाल्याने त्याच्या उजव्या हाताचे दोष वाढले. चाळिशी गाठण्यापूर्वीच त्याला आपले वादनतंत्र मुळापासून पुन्हा उभारावे लागले.

युद्धकाळातील दोन घटना विशेष महत्त्वाच्या आहेत. अमेरिकेत विपन्नावस्थेत व आजारी असलेल्या बेलॉ बॉर्टोककडे त्याने एकल व्हायोलिनसाठी रचना मागितली. तिचे पहिले वादन मेन्युहिननेच २६ नोव्हेंबर १९४४ रोजी कार्नेगी हॉलमध्ये केले. पुढील वर्षी बॉर्टोक निवर्तला. जुलै १९४५ मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन याच्यासह मेन्युहिनने बेर्गेन-बेल्सेन येथे, नाझी छळछावणीतून वाचलेल्या लोकांपुढे वादन केले.

बेल्सेन पाहिलेला हा वादक दोन वर्षांनी बर्लिनमध्ये विल्हेल्म फुर्टव्हेंग्लरच्या संचालनाखाली वाजविण्यास उभा राहिला. नाझी राजवटीत फुर्टव्हेंग्लर जर्मनीतच राहिला होता. १९३३ मध्ये त्याने दिलेले निमंत्रण मेन्युहिनने नाकारलेही होते. मात्र युद्धानंतरच्या चौकशीत तो निर्दोष ठरल्यावर त्याला वाळीत टाकणे मेन्युहिनला अन्यायाचे वाटले. अनेक ज्यूंना हा विश्वासघात वाटला. बर्लिनमधील निर्वासित ज्यूंसाठी योजलेल्या कार्यक्रमाकडे छावणीतील लोकांनी पाठ फिरविली. तेव्हा त्याने स्वतः छावणीत जाऊन संतप्त जमावापुढे आपली बाजू मांडली. या निर्णयाविषयी मतभेद संभवतात. तो लोकप्रियतेसाठी घेतलेला नव्हता, हे मात्र निर्विवाद होय.

भारताशी त्याचा संबंध १९५२ मध्ये आला. आदल्या वर्षी न्यूझीलंडमध्ये एका चिकित्सकाच्या प्रतीक्षागृहात योगासनांवरील एक पुस्तिका त्याच्या पाहण्यात आली होती आणि तेव्हापासून तो आसने करू लागला होता. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून तो आला व येथील कार्यक्रमांचे उत्पन्न त्याने दुष्काळनिवारणास दिले. दिल्लीत नेहरूंच्या आग्रहावरून त्याने शीर्षासन करून दाखविले आणि नेहरूंनीही ते करून त्यास उत्तर दिले. मुंबईत पुण्याचे योगाचार्य बी. के. एस्‌. अय्यंगार यांच्याशी त्याची भेट झाली. मोजक्या मिनिटांसाठी ठरलेली ही भेट बरीच लांबली. अय्यंगारांनी त्याला शवासनात ठेवताच तो गाढ झोपी गेला. निद्रानाशाने व थकव्याने ग्रासलेल्या या वादकाला शरीरातील ताण ओळखून तो सोडण्याची पद्धतशीर रीत येथे सापडली. खांदा, पाठीचा कणा व श्वास यांचा गजाच्या चलनाशी असलेला संबंध त्याच्या ध्यानी आला. १९५४ मध्ये त्याने अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलाविले आणि एक घड्याळ भेट दिले. त्यावर त्यांचा उल्लेख आपला सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असा कोरलेला होता. अय्यंगारांच्या लाइट ऑन योगा (१९६६) या ग्रंथास त्याचीच प्रस्तावना आहे. यूरोपात अय्यंगार-पद्धतीचा जो प्रसार झाला, त्याची सुरुवात अशी एका वादकाच्या दुखऱ्या खांद्यापासून झाली, असे म्हणता येईल.

त्याच भेटीत त्याने रविशंकर यांचे सतारवादन ऐकले. १९५५ मध्ये न्यूयॉर्क येथे अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाचा कार्यक्रम त्याच्या पुढाकाराने झाला. हिंदुस्थानी संगीताच्या पाश्चात्त्य देशांतील प्रसारात या कार्यक्रमास महत्त्वाचे स्थान आहे. १९६६ च्या बाथ महोत्सवात मेन्युहिनने रविशंकर यांच्यासह वादन केले व त्यातून वेस्ट मीट्‌स ईस्ट ही ग्रॅमी पारितोषिकप्राप्त ध्वनिमुद्रिका निर्माण झाली. तीमधील त्याचा भाग रविशंकर यांनी बांधून व स्वरलेखन करून दिलेला होता. रागाचा उत्स्फूर्त विस्तार त्याने केला नाही व तसा दावाही केला नाही. भारतीय श्रोत्यास त्यात मींडेची सहजता कमी वाटते. दक्षिण भारतात एकोणिसाव्या शतकापासूनच व्हायोलिन कर्नाटक संगीतात पूर्णपणे मुरलेले आहे, हे लक्षात घेता ही मर्यादा वाद्याची नव्हे, शिक्षणाची होय.

१९५९ पासून त्याचे वास्तव्य मुख्यतः लंडनमध्ये होते. बाथ महोत्सवाचे संचालन (१९५९–६८), ग्श्टाड येथील महोत्सवाची स्थापना (१९५७) आणि यूनेस्कोशी संलग्न आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेचे अध्यक्षपद (१९६९–७५) अशी कामे त्याने केली. तथापि त्याची सर्वांत टिकाऊ कामगिरी म्हणजे १९६३ मध्ये स्थापन केलेले यहुदी मेन्युहिन विद्यालय. इंग्लंडमधील सरे परगण्यातील या निवासी शाळेत निवडक मुलांना सामान्य शिक्षणाबरोबरच वादनाचे सखोल शिक्षण मिळते. एकलवादनाइतकेच समूहवादनाला तेथे महत्त्व आहे. स्वतःला बालपणी न मिळालेली दोन्ही सुखे, म्हणजे समवयस्कांची संगत व तंत्राची क्रमबद्ध उकल, त्याने तेथील मुलांना उपलब्ध करून दिली. नायजेल केनेडी व टॅस्मिन लिट्‌ल हे या शाळेचे नामवंत विद्यार्थी. १९७७ मध्ये त्याने स्थापन केलेल्या ‘लाइव्ह म्यूझिक नाऊ’ या संस्थेमार्फत तरुण कलावंत रुग्णालये, तुरुंग इ. ठिकाणी कार्यक्रम करतात.

मेन्युहिनच्या वादनाचे मूल्यमापन करताना १९३० ते १९४० या दशकातील ध्वनिमुद्रणे व नंतरची ध्वनिमुद्रणे वेगळी ठेवणे इष्ट ठरते. पहिल्या गटातील तेजस्वी, भरीव व निर्वेध स्वर पुढे सातत्याने आढळत नाही. क्वचित गज डळमळतो, सूर किंचित ढळतो. उलट, उत्तरकालीन वादनातील संथ भागांत एक आर्जव व अंतर्मुखता येते. सफाईत त्याला मागे टाकणारे हायफेट्‌स, ऑइस्ट्राख यांसारखे समकालीन होते; परंतु बेथोव्हनच्या काँचेर्तोतील संथ भाग ऐकताना सफाईची तुलना गौण वाटू लागते.

व्हायोलिन : सिक्स लेसन्स (१९७१) या पुस्तकात त्याने आपले वादनतंत्रविषयक विचार मांडले आहेत. वाद्य हाती घेण्यापूर्वी करावयाच्या श्वसनाच्या व शरीर सैल सोडण्याच्या व्यायामांपासून त्याचा आरंभ होतो. अनफिनिश्ड जर्नी हे त्याचे आत्मचरित्र १९७० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार (१९६८), ब्रिटनचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ (१९८७) व आजीव उमरावपद (१९९३) हे त्याला लाभलेले काही प्रमुख सन्मान. अखेरच्या वर्षांत त्याने व्हायोलिनवादन थांबविले. वाद्यवृंदसंचालन मात्र शेवटपर्यंत चालू होते. दौऱ्यावर असतानाच बर्लिन येथे त्याचे निधन झाले. त्याचे दफन सरेमधील विद्यालयाच्या आवारात करण्यात आले.