सोनं न सापडलेल्या जहाजाचं सोन्याचं नाणं

सोनं म्हटलं की आपला पहिला हिशेब तोळ्याचा. तेव्हा सुरुवात हिशेबानंच करू. २००६ मध्ये नेदरलँड्सनं १० युरोचं एक सोन्याचं नाणं काढलं. वजन ६.७२ ग्रॅम, त्यात सोनं ९० टक्के. म्हणजे शुद्ध सोनं साधारण अर्धा तोळा. कायद्यानं हे चलन आहे, पण १० युरोंची भाजी आणायला ते कुणी मोडणार नाही, कारण आतलं सोनंच त्याच्या कितीतरी पट किमतीचं. अशी नाणी खर्चण्यासाठी नसतात, आठवण म्हणून जपायची असतात.

आठवण होती ४०० वर्षांपूर्वीच्या एका सफरीची. जहाजाचं नाव 'डाइफ्केन', म्हणजे छोटंसं कबूतर. नावाप्रमाणेच ते चिमुकलं, चपळ, वीसेक खलाशांचं. पण लढाईतही मागं राहणारं नव्हतं. १६०१ च्या डिसेंबरात जावा बेटावरच्या बांटाम बंदरापाशी पाच डच जहाजांनी पोर्तुगीजांचं मोठं आरमार रोखलं. त्या पाचांत डाइफ्केन होतं आणि समोरचं आरमार निघालं होतं आपल्या गोव्याहून. लवंग-जायफळाच्या व्यापारावर हुकूम कुणाचा, याचं ते भांडण होतं.

पुढे १८ नोव्हेंबर १६०५ रोजी हेच जहाज विलेम यान्सझून या कप्तानाच्या हाताखाली बांटामहून पूर्वेला निघालं. न्यू गिनीत रग्गड सोनं आहे, अशी तेव्हा बोलवा होती. त्या सोन्याच्या शोधात निघालेलं जहाज १६०६ च्या आरंभी वेगळ्याच भूमीला लागलं. ती होती ऑस्ट्रेलिया. युरोपियनांनी या खंडावर पाय ठेवल्याची ही पहिली नोंद. गंमत अशी, की यान्सझून मात्र ते न्यू गिनीच समजत राहिला.

त्यानं ३०० किलोमीटरच्या आसपास किनारा नकाशावर उतरवला. सोनं दिसलं नाही. सफरीत नऊ माणसं मारली गेल्याची नोंद आहे. ज्या भूशिरापासून जहाज परतलं, त्याला नाव पडलं 'केरवेर', म्हणजे 'माघारी फिर'. विशेष म्हणजे त्याच किनाऱ्यावरच्या तांबड्या मातीत संपत्ती होती. १९५५ मध्ये वायपा इथं बॉक्साइटचे प्रचंड साठे ओळखले गेले. ॲल्युमिनियम त्यातूनच निघतं. पण सोनं शोधणाऱ्याला माती कशी दिसावी?

जहाजाचा शेवटही साधाच झाला. १६०८ मध्ये स्पॅनिश जहाजांशी लढताना ते जखमी झालं आणि टर्नाटे बेटापाशी कायमचं निकामी झालं. मूळ नकाशा हरवला. त्याची नंतर केलेली नक्कल व्हिएन्नाच्या ग्रंथालयात आहे. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल इथं या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती पाण्यात उतरली. ती शिडांच्या जोरावर २००२ मध्ये थेट नेदरलँड्सला पोहोचली. २०२० पासून तिचा मुक्काम सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. केरवेरच्या परिसरात विक लोक राहतात. परक्या जहाजवाल्यांची गोष्ट त्यांच्याकडे तोंडातोंडी चालत आली आहे. सुरुवातीला मदत केली. मग पाहुण्यांनी बायकांवर हात टाकला, माणसांना राबवू पाहिलं, म्हणून लढाई झाली, असं ते सांगतात. डचांच्या लेखी ती सफर होती; यांच्या लेखी ती घरावर आलेली आपत्ती.

राज्यकर्त्यांची आठवण धातूवर उमटते, टांकसाळीत तिचं वजन होतं. ज्यांच्याकडे टांकसाळ नसते, ते आपली आठवण गोष्टीत ठेवतात आणि नातवंडांच्या हाती देतात. डाइफ्केनचा इतिहास वाचायचा, तर नाण्याबरोबर ही गोष्टही ऐकायला हवी.