कर्नल कोसळतो एकीकडे, चूक असते दुसरीकडे

लिनक्स कर्नलवर काम सुरू केलं की पहिला ‘ऊप्स’ लवकरच भेटतो. स्क्रीनभर रजिस्टर्स, खाली कॉल ट्रेस. बहुतेक जण ट्रेसमधलं सगळ्यात वरचं फंक्शन उघडतात. जरा थांबा. आधी पत्ता वाचा: कर्नल कुठल्या अ‍ॅड्रेसला हात लावायला गेला होता?

शेवटी १८ आणि आधी सगळी शून्यं असतील, तर पॉइंटर बहुधा नल होता. हेक्समधले १८ म्हणजे २४. स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून २४ बाइट्सवर कुठलं फील्ड आहे ते बघा, कुठला पॉइंटर ते कळेल.

रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी दिसलं, तर प्रकरण वेगळं. स्लॅब पॉयझनिंग चालू असताना कर्नल मोकळ्या झालेल्या मेमरीत मुद्दाम ६बी भरतो. म्हणजे एकानं मेमरी सोडली आणि दुसरा ती अजून वापरतोय. इथे कोसळलेलं फंक्शन निर्दोष असू शकतं. त्यात नलची तपासणी घालून काही होत नाही. पॉइंटर नल नाहीच, शिळा आहे.

मग कर्नल अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे केसॅन, चालू करून कर्नल पुन्हा बिल्ड करा. २०१५ मध्ये लिनक्स ४.० सोबत आलेलं हे साधन अशा वेळी तीन ट्रेस देतं: मेमरी कुठे वापरली, कुठे घेतली, कुठे सोडली. कर्नल हळू चालेल, चालू द्या. तिसऱ्या ट्रेसपासून मागे जा: रेफरन्स काउंट चुकला का? लॉक राहिला का?

क्रॅश थांबला म्हणजे बग गेला असं नाही. आणि बिघडलेल्या मेमरीवर मोजलेले आकडे पेपरमध्ये घालता येत नाहीत.